मुकादमांचा खडू

धुळवड आटोपली आणि दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं कूलर उचलला.

नागपुरात एवढं वाक्य म्हटलं तरी ऐकणारा आधी आपल्या पायाकडे बघतो. ज्यांनी आमचा कूलर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याची पेटी, आत एक मध्यम आकाराचा मेहुणा मांडी घालून बसेल एवढी. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, पोटात पंखा, तळाशी गंज, आणि खालच्या कडांना अशी धार की तिनं दाढी करावी. हिवाळाभर हा ऐवज मागच्या पडवीत विटांवर बसून असतो. ऊन तापायला लागलं की त्याला पुढच्या खिडकीशी न्यायचं. दरवर्षी शेजारचे दोघं हात लावतात. या वर्षी बायको म्हणाली, "थांबा जरा, बाजूच्या भाऊजीले आवाज देते."

मी म्हणालो, "ट्रान्सपोर्टमध्ये अकरा वर्षं काढली आहेत मी. मला उचलायला शिकवू नकोस."

खरं सांगायचं तर त्या अकरा वर्षांत मी उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे आवक-जावक रजिस्टर. तेही मी दोन्ही हातांनी उचलायचो. पण हे बायकोला सांगायची तेव्हा गरज वाटली नाही. मी कूलरला मिठी मारली, तो विटांवरून सुटला, आणि पुढच्या क्षणी माझ्या उजव्या पायाचा अंगठा त्याच्या खाली होता. मी ओरडलो. शेजारचे भाऊजी न बोलावता आले.

मग पाय बादलीत बुडवून पडवीत बसल्यावर मला आमचे मुकादम आठवले. ते असते तर त्यांनी कूलरभोवती एक फेरी मारली असती, दोन बोटांनी त्याला जरासा कलता करून पाहिला असता, आणि कानामागचा खडू काढून पत्र्यावर ठळक लिहिलं असतं, 'अंगठा'.

गांधीबागेच्या मागच्या बाजूला आमच्या कंपनीचं गोदाम होतं. कापडाच्या गाठी, मिरचीची पोती, तेलाची पिंपं, विहिरीवरचे पंप, असा सगळा माल तिथून ट्रकनं रायपूर, जबलपूर, अकोला, कुठं कुठं जायचा. ट्रकवर चढणारी कुठलीही वस्तू आमच्या भाषेत 'नग'. नग मोजायचे, नग चढवायचे, नग उतरवायचे. मोजायचं काम माझं. चढवायचं-उतरवायचं हमालांचं. आणि त्या हमालांवर मुकादम.

त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. पगारपत्रकावर त्यांच्यापुढे निळा अंगठा असे. सही येत नव्हती. पण माणूस निरक्षर होता म्हणावं तर तसंही नाही. शाळेत भिंतीला लावतात ना, तो मानवी शरीराचा तक्ता, एका मुलाच्या चित्रावर बाण काढून प्रत्येक अवयवाचं नाव लिहिलेला, तो त्यांनी सीताबर्डीच्या फूटपाथवरून विकत घेतला होता आणि घोटून घोटून पाठ केला होता. त्यामुळे त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नसे, पण 'मनगट' आणि 'घोटा' ते अचूक लिहीत. मॅट्रिक झालेल्या माझ्याइतकंच, आणि माझ्यापेक्षा मोठं.

सकाळी गोदाम उघडलं की मुकादम नगांमधून हिंडायचे. वैद्यानं रोग्याला बघावं तसे. टिचकी मारायचे, वास घ्यायचे, जरा हलवून वजन कुठं बसलंय ते बघायचे. मग लिहायचे. बुटका, जड, धरायला जागा नसलेला नग असेल तर 'कंबर'. लोखंडी पट्टी मारलेली गाठ असेल तर 'बोट'. मिरचीच्या पोत्यावर 'नाक'. वजन एकाच बाजूला असलेल्या लाकडी पेटीवर 'पाय'. म्हणजे त्या नगासमोर कुणी उभं राहायचं नाही, मागून दोर लावून घ्यायचा. हमालांना अक्षरं येत नसली तरी शब्दांचे आकार ओळखीचे झाले होते. 'कंबर' दिसलं की दोघं पुढे व्हायचे. 'बोट' दिसलं की हाताला गोणपाट गुंडाळायचं. आणि ज्या नगावर काहीच लिहिलेलं नाही, तो बिनधास्त उचलायचा. हा शेवटचा नियम कुणी कुणाला शिकवला नव्हता. सगळ्यांना तो आपोआप माहीत होता.

मी नवीन असताना विचारलं होतं, "मुकादम, तुम्हाला हे कळतं कसं?"

त्यांनी डावा हात पुढे केला. दोन बोटं अर्धीच होती.

"हे करंगळी रायपूरले गेली, पट्टीच्या गाठीसंगं. हे बाजूचं अकोल्याले. हा गुडघा पाह्य, वाकत नाही, हा तेलाच्या पिंपाचा. बिल्टी फाडाची राहून गेली गा बाबू. नाहीतर परत मागवलं असतं सारं."

बिल्टी म्हणजे मालासोबत जाणारी पावती. ती माझ्याकडे असे. मी हसलो. ते हसले नाहीत.

आता आमचे मॅनेजरसाहेब. साहेब वाईट नव्हते. त्यांना फक्त रक्त बघवत नसे, म्हणून ते बघत नसत. गोदामात कुणाला लागलं तर हेड ऑफिसला एक अपघात-पत्रक पाठवावं लागे. त्यात 'मालाचे नुकसान' याला सात ओळी होत्या आणि 'इसमास इजा' याला एक. मोठी इजा झाली तर मी तिचा संक्षेप करायचो. 'उ. पा. अं. फु.' म्हणजे उजव्या पायाचा अंगठा फुटला. शेवटी 'कारण'. तिथं साहेबांनी सांगितलेलं एकच वाक्य लिहायचं, 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे'. माझं अक्षर सुरेख, पण तेच तेच लिहून हात दुखायला लागला. तेव्हा याचा रबरी शिक्काच करून घ्यावा, ही सूचना मी केली. हो, मीच. साहेबांनी पाठ थोपटली. माझ्या नोकरीतली ती एकमेव शाबासकी.

त्या शिक्क्याला एक शेपूट होतं. ज्या हमालाच्या नावावर असे दोन शिक्के पडतील त्याचं नाव यादीतून कमी. निष्काळजी माणूस कंपनीला परवडत नाही, असं साहेब म्हणत.

एकदा हेड ऑफिसकडून सुरक्षेचं पत्र आलं आणि साहेबांनी पत्र्याची एक पाटी रंगवून घेतली, 'सुरक्षितता तुमच्याच हाती'. ती गोदामाच्या दारात साडेपाच फुटांवर टांगली. माल पाठीवर घेऊन वाकून जाणाऱ्याला ती लागत नसे. माल ठेवून ताठ मानेनं परत येणाऱ्याला लागे. पहिल्याच आठवड्यात तीन कपाळं फुटली. त्यातलं एक देवरावचं. देवराव म्हणजे आमचा सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत गरीब स्वभावाचा हमाल, कुणी 'सरक' म्हटलं की दोन पावलं जास्त सरकणारा. तिन्ही पत्रकांवर मी शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी पाटीवर, 'सुरक्षितता'च्या बरोबर वर, खडूनं लिहिलेलं होतं, 'डोकं'.

साहेब चिडले. पण खडूबंदीला कारण झालं ते एक लग्न.

महाल भागातल्या एका गृहस्थांनी लेकीच्या रुखवताची मोठी लोखंडी पेटी जबलपूरला तिच्या सासरी पाठवली. पेटी खाली अरुंद, वर रुंद. मुकादमांनी नेहमीप्रमाणे लिहिलं, 'गुडघा'. पेटी तशीच गेली. सासरच्या मंडळींनी ती अंगणात उतरवून घेतली, वाचली, आणि नवरीकडे पाहिलं. आठवड्यानं ते गृहस्थ आमच्या ऑफिसात उभे.

"माझ्या पोरीचा गुडघा कोणी काढला जी? तिकडच्या लोकाईनं तिले तीनदा अंगण चालून दाखवायले लावलं!"

मुकादम शांतपणे पुढे आले. "पोरीचा नाही जी, उचलणाऱ्याचा गुडघा. पोरगी ठणठणीत आहे, चिठ्ठीत कळवून द्या."

"हे मी कळवू?"

"बाबू कळवन. त्याचं अक्षर चांगलं आहे."

मी कळवलंही. पण साहेबांनी हुकूम काढला, यापुढे एकाही नगावर खडू दिसता कामा नये, आणि पुसायची जबाबदारी माझी. मला एक फडकं आणि एक डबा पाणी मिळालं. मॅट्रिकला गणितात साठ गुण मिळवून मी कुठवर पोचलो होतो, हे यावरून कळेल.

मुकादमांनी आणि मी न बोलता एक तोडगा काढला. ते सकाळी लिहायचे, हमाल वाचून चढवायचे, आणि नग ट्रकवर नीट बसला की मी ट्रकच्या मागच्या फाळक्याशी उभा राहून फडकं फिरवायचो. साहेब खूश, नग कोरे, माणसं शाबूत. असे चार-पाच महिने बरे गेले.

मग तो दिवस आला. हेड ऑफिसचे कोणी बडे साहेब दुपारी गोदाम बघायला येणार होते. मुकादमांनी सकाळीच सगळ्या नगांवर लिहून ठेवलं आणि एका हमालाचं बोट पट्टीत कापलं होतं त्याला घेऊन रामदासपेठेत डॉक्टरकडे गेले. हमाल झाडाखाली भाकर खायला बसले. साहेब माझ्या टेबलाशी आले. "सगळं स्वच्छ आहे ना रे?"

आता 'स्वच्छ' म्हटल्यावर शहाण्या माणसानं केर काढला असता. मी फडकं घेऊन आत गेलो आणि गोदामातला एकूण एक नग पुसून काढला. चढवायच्या आधी. मन लावून, कोपऱ्याकोपऱ्यातून. त्यात नरखेडच्या एका दुकानदाराकडे जाणारी पंपाची लाकडी पेटी होती. तिच्यावर काय लिहिलं होतं तेही मी वाचलं होतं. 'पाय'. शेवटचा 'य' जरा वाळलेला होता, म्हणून मी तो दोनदा घासला.

बडे साहेब आले, चहा घेतला, "वा" म्हणाले आणि गेले. हमाल भाकर खाऊन परतले. पेटी कोरी दिसली. देवराव ट्रकला लावलेल्या उतरत्या फळीवर तिच्या पुढच्या बाजूला उभा राहिला आणि दोघांनी मागून लोटलं.

पुढचं मला सांगता येत नाही. इतक्या वर्षांत मी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे आणि दर वेळी इथं पाणी प्यायला उठलो आहे.

मुकादम परत आले तेव्हा देवरावला हातगाडीवर घालून नेलं होतं. पेटी फळीखाली आडवी पडली होती. मुकादम तिच्याजवळ गेले, उरलेल्या बोटांचा हात लाकडावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. फडकं माझ्या खांद्यावर होतं.

"अजून ओली आहे," एवढंच म्हणाले.

साहेबांनी मला आत बोलावलं. "मालाचं नुकसान?"

"पंपाला काही नाही साहेब. पेटीची एक फळी तडकली."

"देवाची कृपा. उद्याच्या डाकेनं पत्रक जाऊ दे."

"साहेब, देवरावचा एक शिक्का आधीच आहे. पाटीचा."

"मग हा दुसरा," साहेब म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

त्यावर काही बोलायला हवं होतं. मी 'बरं' म्हणालो.

देवरावच्या घरी बायको, म्हातारी आई आणि तो. पाय बरा झाला तरी पूर्वीसारखा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. वाकड्या पायाच्या हमालाला दुसऱ्या कुठल्या गोदामात उभं करतील? यादीतून नाव गेलं की सगळंच गेलं. आणि त्याचं नाव आता माझ्या शिक्क्याखाली होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आलो तर माझ्या टेबलावर, शिक्क्याच्या डबीच्या झाकणावर, खडूनं एक शब्द लिहिलेला होता. अक्षर मुकादमांचं, पण नेहमीचं नव्हतं. 'झ' तीनदा पुसून गिरवल्यासारखा. 'झोप'.

अवयवांच्या तक्त्यात 'झोप' नसते. म्हणजे मुकादमांनी काल कुणाला तरी विचारून, बसून, हा एक नवीन शब्द शिकला होता. माझ्यासाठी. हा नग उचललास तर तुझं काय जाईल, ते त्यांनी बघून ठेवलं होतं.

मी दोन पत्रकं केली. साहेब दर सोमवारी कोऱ्या पत्रकांवर सह्या करून ठेवत, त्यामुळे पत्रकांची कमतरता नव्हती. पहिल्यावर शिक्का मारला. दुसऱ्यावर 'कारण' या रकान्यात, माझ्या सुरेख अक्षरात, लिहिलं, 'सदर नगावर मुकादमांनी धोक्याची खूण केली होती. ती नग चढवण्यापूर्वी ओल्या फडक्यानं पुसण्यात आली. पुसणारा, खाली सही करणार.' आणि सही केली.

लिहिल्यावर इतकं बरं वाटलं की काय सांगू. वाटलं, झालं आपलं काम. एखाद्यानं देवळाच्या बाहेरूनच हात जोडावेत आणि पुढे जावं, तसं. आता हे फाडायचं, शिक्क्याचं पाठवायचं. एवढ्यात साहेबांनी आतून हाक मारली, "लिफाफा!" मी गडबडीत एक घडी करून लिफाफ्यात सारली, डिंक लावला आणि डाक गेली.

संध्याकाळी दुसरं पत्रक फाडायला खण उघडला. खणात शिक्का मारलेलं पत्रक होतं.

पुढचे पंधरा दिवस माझं वजन किती उतरलं ते मुकादमांनी नक्की सांगितलं असतं. डाकवाला दिसला की मी मोरीत जायचो. अखेर हेड ऑफिसचं उत्तर आलं. साहेबांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला बोलावलं.

काय झालं ते मला नंतर कळलं. तिथला कारकून शिक्का पाहून पत्रकं एका फायलीत घालत असे. ज्याच्यावर शिक्का नाही असं पत्रक त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. कुठं घालावं ते कळेना म्हणून त्यानं ते वर पाठवलं, वरच्यानं आणखी वर. सगळ्यांत वर पोचेपर्यंत त्यांचा असा समज झाला की नागपूर शाखेत खडूची काहीतरी शिस्तशीर पद्धत चालू आहे. सगळ्या शाखांना परिपत्रक निघालं. नागपूरची खडू-पद्धत सर्वांनी अमलात आणावी. अवयवांची मंजूर यादी सोबत जोडली आहे. यादीबाहेरचा अवयव लिहायचा असल्यास तीन प्रतींत पूर्वपरवानगी घ्यावी. नागपूरच्या मॅनेजरांचं अभिनंदन. पुसणाऱ्यास समज द्यावी. जखमी इसमाची चूक दिसत नाही, सबब त्यास हलकं काम द्यावं.

यादीत नाक नव्हतं. त्यामुळे मिरचीच्या पोत्यांसाठी मला दर महिन्याला तीन प्रतींत नाकाची परवानगी मागावी लागे. ती कधी आली नाही. मुकादम लिहीत राहिले.

साहेबांनी अभिनंदनाचं पत्र काचेखाली ठेवलं आणि मला समज दिली. समज दोन मिनिटांची होती आणि ते सबंध वेळ हसत होते. देवरावला दारात स्टूल मिळालं. तिथं बसून तो आत-बाहेर होणारे नग मोजायचा, आणि पुढे मुकादमांच्या हाताखाली खडूही चालवायला लागला. पाय वाकडाच राहिला. पाटी त्यानंच पहिल्या दिवशी काढून स्टुलाखाली ठेवली, टेकायला.

मुकादम माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. शाबास वगैरे.

"काहून गा बाबू, लागून राहिली का झोप?"

"लागली," मी म्हणालो.

"मंग हे पुसतो." आणि तळहातानं त्यांनी डबीवरचा शब्द पुसला. त्यांनी स्वतःच्या हातानं काही पुसलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

लिफाफ्यात चुकीचं पत्रक गेलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. कुणालाच नाही. सांगायची वेळ निघून गेली की न सांगणंच अंगवळणी पडतं. मग हळूहळू मी गोष्टीतला तो भाग गाळायला लागलो, मग त्या जागी थोडं शौर्य भरलं. 'साहेबांच्या नाकावर टिच्चून लिहिलं' असं एक वाक्य माझ्या लग्नापर्यंत तयार झालं होतं.

लग्नाला मुकादम आले होते. न वाकणारा पाय सांभाळत मांडवात आहेर म्हणून आलेल्या पलंगाभोवती एक फेरी मारली आणि पाठीमागून 'कंबर' लिहिलं. मग आम्हा दोघांपुढे उभे राहिले. सवयीनं हात कानामागे गेला. खडू काढला, बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खडू परत ठेवला. तिच्या हातात एक छोटं खोकं दिलं. आत बारा पांढरे खडू.

"हे काहून?" तिनं विचारलं.

"लागते वं पोरी," ते म्हणाले.

तर परवा पडवीत, पाय बादलीत, अंगठा टरटरून सुजलेला, अशा अवस्थेत मी बायकोला सगळं सांगून टाकलं. दुखणं माणसाला खरं बोलायला लावतं की काय कोण जाणे. शौर्य काढून घेतलं, लिफाफा सांगितला, गडबड सांगितली. ती मोहरी निवडत होती. तिचं माहेर नरखेडकडचं, संत्र्यांच्या बागांमधलं, पेट्या उचलणाऱ्यांमध्ये वाढलेली. ऐकताना तिनं एकदाही मान वर केली नाही.

"दोन्ही कागद तुमच्याच अक्षरातले होते ना?" तिनं शेवटी विचारलं.

"हो."

"मंग एक तर चुकून नव्हता लिहिला."

ती उठली, आत गेली, ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा तिच्या हातात मुकादमांच्या आहेरातला खडू होता, इतक्या वर्षांनी पिवळट पडलेला. कूलर जिथं पडला होता तिथंच आडवा होता. तिनं त्याच्याभोवती एक फेरी मारली, दोन बोटांनी कडा जरा कलती करून पाहिली, आणि पत्र्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'नवरा'.

मग खडू कानामागे ठेवून म्हणाली, "आता तरी पुसू नका."